हाताच्या टप्प्यातलं लोखंड

संभाजीनगरात अर्थिंगचा खड्डा घ्यायचा म्हणजे वर दोन-तीन फूट माती, तिच्याखाली मुरूम आणि मग सरळ काळा पाषाण. वेरूळचं कैलास लेणं ज्या बसाल्टात कोरलं आहे, तोच हा खडक. पडेगाव, मिटमिटा, सातारा परिसर या भागांत तर कित्येक ठिकाणी पहार पहिल्याच घावाला ठणकन वाजते. घराच्या पायासाठी अशी जमीन मिळणं भाग्याचं. विजेसाठी मात्र ती फार कंजूष आहे. पोटात घेतलेला करंट ती पुढे जाऊच देत नाही.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. घरांची, छोट्या कारखान्यांची, शेतांवरची कामं याच जिल्ह्यात करत आलो. या कामात एक वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे: ‘अर्थिंग केलेलं आहे ना, मग काळजी कसली?’ घरमालक म्हणतो, बिल्डर म्हणतो, कधी कधी आपला वायरमनही म्हणतो. खड्डा खणला, त्यात पाइप उभा केला, कोळसा-मीठ भरलं, वर चेंबर बांधून झाकण टाकलं, हिरवी वायर बोर्डापर्यंत आणली, की काम झालं असं सगळे धरून चालतात. त्या खड्ड्याचा रोध किती आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो. आणि तो आकडा कळल्यावर पुढे काय करायचं, हे विचारणारा त्याहून क्वचित.

गिझरच्या आतली फेज वायर सुटून पत्र्याला टेकली असं समजा. महावितरण घरगुती ग्राहकाला फेज आणि न्यूट्रल देते, अर्थिंग ज्याने त्याने आपल्या जागेत करायचं असतं. म्हणजे तो करंट गिझरच्या पत्र्यातून हिरव्या वायरने खड्ड्यात जाणार, खड्ड्यातून जमिनीत शिरणार, आणि जमिनीतून गल्लीच्या टोकाला असलेल्या डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगपर्यंत पोचून तिथल्या न्यूट्रलला मिळणार. या संपूर्ण फेऱ्याला आम्ही फॉल्ट लूप म्हणतो आणि त्याच्या एकूण अडथळ्याला लूप इम्पीडन्स. आता आपल्या खड्ड्याचा रोध २० ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा २ ओहम धरा. २३० व्होल्टला २२ ने भागलं की साडेदहा अँपिअर येतात. गिझरच्या सर्किटवर १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) आहे. तो तत्काळ पडेलच याची खात्री हवी असेल, तर १६० अँपिअर वाहायला हवेत. साडेदहा अँपिअर म्हणजे त्याच्या दृष्टीने रोजचा भार. तो पडणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. गिझरच्या पत्र्यावर तेवढा सगळा वेळ २०९ व्होल्ट उभे राहतील.

हे गणित मी नव्या मुलांना कागदावर करायला लावतो, कारण सांगून ते पटत नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही नवे कोरे आहेत आणि तरीही नळाखाली उभा राहिलेला माणूस मरू शकतो.

‘मग खड्डा चांगला करा,’ असं लगेच सुचतं. तो एमसीबी तत्काळ पडायचा तर सगळा लूप मिळून १.४४ ओहमच्या आत यायला हवा. तीन मीटर लांब, ४० मिलिमीटर जाड पाइपचा रोध सूत्राने काढला तर ओल्या काळ्या मातीत तो ३ ओहमच्या आसपास येतो. कोरड्या खडकात, जिथे रोधकता हजार ओहम-मीटरच्या घरात असते, तिथे तोच पाइप ३०० ओहम दाखवतो. म्हणजे पैठणकडच्या काळ्या रानातसुद्धा एका खड्ड्यावर हा एमसीबी पडत नाही, मग आमच्या माळावरची गोष्टच सोडा. चार खड्डे करून एकमेकांना जोडले तर आकडा उतरतो, पण तीनशेचा दीड होत नाही. सामान्य घरापाशी चार खड्ड्यांना जागा तरी कुठून आणायची?

त्यात मे महिना. पारा चाळिशीच्या वर, खड्ड्यातली माती भाजून निघालेली, मिठाचं पाणी कधीच झिरपून गेलेलं. जानेवारीत १५ ओहम दाखवलेला खड्डा मेमध्ये दुप्पट-तिप्पट दाखवतो. आणि नेमका त्याच महिन्यात घराघरात कूलर बाहेर निघतो. लोखंडी पेटी, आत पाण्याची टाकी, त्या पाण्यात बुडलेला पंप, तीन बाजूंना ओलं गवत, आणि हे सगळं खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकवून बसवलेलं. निम्म्या कूलरांना दोन पिनांचा प्लग. तीन पिनांचा असला तरी तिसरी पिन जुन्या सॉकेटात जात नाही म्हणून कापून टाकलेली. मराठवाड्यात आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात आणि त्यांत लहान मुलं असतात. त्या बातम्या मला वाचवत नाहीत. कारण त्या घरांत काय काय नसणार, हे मला वाचण्याआधीच माहीत असतं.

काही ठिकाणी तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यांत टँकरने पाणी ओततात, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी अर्थ टेस्टरचा काटा छान खाली येतो, कागदावर सही होते. ज्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी लोक दिवस मोजतात, तिथे एका दिवसाच्या आकड्यासाठी ते पाणी जमिनीत सोडायचं! फॉल्ट काही तपासणीची तारीख बघून येत नाही. मोजायचं असेल तर कोरड्यात मोजावं, मेमध्ये मोजावं. आणि खरा आकडा मोठा आला तर घाबरू नये. तो आकडा मान्य करून पुढचा विचार करता येतो. खोट्या आकड्यावर मात्र काहीच उभं राहत नाही.

पुढच्या विचाराला दोन बाजू आहेत. पहिली आता बऱ्याच लोकांना माहीत झाली आहे: ईएलसीबी. आज दुकानात मिळतो त्याचं खरं नाव आरसीसीबी, पण काउंटरवर सगळे जुन्याच नावाने मागतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्याला जमिनीकडून फार काही नको असतं. पत्र्यावरचा दाब ५० व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही एवढंच पाळायचं, तर या हिशेबाने खड्ड्याचा रोध १६०० ओहमपर्यंतसुद्धा चालतो. खडकाळ शहराला याहून मोठं वरदान नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डाल्झिएल यांनी माणसाचा हात किती करंटला तारेवरून सुटतो आणि किती करंटला चिकटून राहतो, याचे प्रयोग केले. पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांसाठी साडेदहा. याच माणसाने पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत अशा जातीचं संरक्षक उपकरण तयार केलं. ते आकडे ऐकले की ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किती कमी वेळात पडायला हवा, हे कळतं.

दुसरी बाजू बाँडिंगची. तिच्याविषयी फार थोडे लोक बोलतात, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्याचविषयी आहे.

शॉक लागतो तो दाबाने नाही, दाबातल्या फरकाने. या शहराला हे कुणी नव्याने शिकवायला नको. मलिक अंबरने शहरासाठी बांधवलेल्या नहरीत पाणी डोंगरापासून शहरापर्यंत चालत आलं ते केवळ पातळीतल्या फरकावर, पंप कुठेच नव्हता. फरक मिटला की वाहणं थांबतं. विजेचंही तेच आहे. गिझरचा पत्रा २०९ व्होल्टवर आणि नळ शून्यावर असेल, तर एक हात पत्र्याला आणि दुसरा नळाला लावणाऱ्याच्या छातीतून करंट वाहणार. पण गिझर, नळाचा लोखंडी पाइप, दाराची चौकट, वॉशिंग मशीनचं अंग ही सगळी एका जाड तांब्याच्या वायरने एकमेकांना जोडलेली असतील, तर फॉल्टच्या वेळी ती सगळी मिळून वर जातील आणि मिळून खाली येतील. दोन हातांमध्ये फरकच उरणार नाही. फॉल्टचा करंट बाँडिंगने वाढत नाही, एमसीबी लवकर पडत नाही, आणि ते बाँडिंगचं कामही नाही. जिथे पुरवठा वेळेत तुटण्याची खात्री नाही, तिथे तेवढ्या वेळापुरता माणूस वाचवणं हे त्याचं काम.

हाताचा टप्पा मानकांत अडीच मीटर धरला आहे. उभ्या जागेवरून दोन हात पसरून एकाच वेळी शिवता येतील अशा सगळ्या धातूच्या वस्तू त्यात येतात. आंघोळीची खोली ही यासाठी सर्वांत अवघड जागा. अंग ओलं, पाय अनवाणी, आणि सगळं लोखंड हाताशी. चार चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर मीटरला साडेचार मिलिओहमच्या आसपास रोध देते. अशी तीन मीटर वायर लावली आणि तिच्यातून शंभर अँपिअर गेले, तरी तिच्या दोन टोकांत दीड व्होल्टही फरक पडत नाही.

जुन्या शहरात, गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीतून मला बोलावणं आलं होतं. घरातल्या मावशींनी दारातच सांगितलं, “दादा, नळाला मुंग्या येतात. गिझर बंद केला तरी येतात.” घरात ईएलसीबी होता आणि चालू होता. आधी येऊन गेलेल्या वायरमनने गिझर बदलायला सांगितलं होतं, त्यांनी तो बदललाही होता. मी घराचा मेन स्विच खाली केला आणि नळ व मोरीची ओली फरशी यांच्यामध्ये मीटर लावला. साठ व्होल्टच्या वर. सगळं घर अंधारात आणि नळ जिवंत! डिजिटल मीटर कधी कधी नसलेला दाबही दाखवतो, म्हणून मीटरला समांतर रोध लावून पुन्हा बघितलं. आकडा उतरला, पण चाळिशीच्या खाली गेला नाही. म्हणजे हा भास नव्हता, खरा दाब होता.

मी विचारलं, मुंग्या रोज येतात का? त्या म्हणाल्या, “नाही, पाणी येतं त्या दिवशीच.”

आमच्या शहरात जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांनी एकदा नळाला येतं. जेव्हा येतं तेव्हा घराघरातून नळाला टुल्लू पंप लागतात, कारण न लावणाऱ्याच्या वाट्याला धार येतच नाही. तीन घरं सोडून एका घरात असाच पंप होता, त्याच्या वायरचा सांधा चिकटपट्टीने गुंडाळलेला आणि पाण्याच्या पिंपाखाली ओल्यात पडलेला. पंपाच्या अंगातून करंट जुन्या जीआय पाइपात उतरत होता आणि पाइपाच्या वाटेने गल्लीभर फिरत होता. त्यांनी पंप बंद केला तसा इकडे मीटर शून्यावर आला.

या घरचा ईएलसीबी का पडला नाही? कारण त्याच्यातून काही गळतच नव्हतं. गळती दुसऱ्याच्या मीटरवरची होती. आपल्या घरातला ईएलसीबी आपल्याच घराचा हिशेब ठेवतो. पाइपावरून, केबलच्या पत्र्यावरून, सामायिक लोखंडी जिन्यावरून बाहेरचा दाब आत आला, तर त्याला तो दिसत नाही. ‘ईएलसीबी असताना बाँडिंग कशाला?’ असं मला विचारणाऱ्यांना मी ही गल्ली सांगतो.

शेजाऱ्यांचा पंप दुरुस्त करून घेतला, ते तर पहिलं काम होतं. पण उद्या चौथ्या घरात तसंच होणार, हे उघड होतं. म्हणून पाइप जिथे घरात शिरतो तिथे मीटरभर तुकडा काढून प्लास्टिकचा बसवला. पाण्यातूनही करंट जातो, पण अर्ध्या इंची नळीतल्या मीटरभर पाण्याचा रोध लाखभर ओहमच्या घरात असतो, त्यातून येऊन येऊन येणार किती! त्याच्या आतल्या बाजूचा सगळा पाइप, गिझरचं अंग, मशीनच्या सॉकेटचं अर्थ आणि मोरीच्या दाराची लोखंडी चौकट जोडून ती वायर बोर्डातल्या अर्थ बारवर आणली. फरशी शहाबादी, तिच्याखाली सळई नाही, म्हणून फरशी बाँडिंगमध्ये घेता येत नव्हती. बाहेरचा दाब पाइपाने आत येऊच नये यासाठी प्लास्टिकचा तुकडा लागला तो त्याच कारणाने. नवं बांधकाम असेल तर मी टाइल बसण्याआधी वेल्डमेश टाकून घेतो आणि तिची एक शेपटी बाहेर काढून बाँडिंगला जोडतो, म्हणजे पायाखालची जमीनसुद्धा हातातल्या नळाच्याच पातळीवर राहते.

इथे एक धोका सांगायलाच हवा, कारण अर्धवट बाँडिंग हे काही वेळा नसलेल्या बाँडिंगपेक्षा वाईट ठरतं. घराचं अर्थिंग कोरडं ठणठणीत, ईएलसीबी नाही, आणि कुणीतरी हौसेने कूलर खिडकीच्या ग्रिलला जोडला, असं झालं तर कूलरमधला फॉल्ट ग्रिलवर येईल, आणि ग्रिलला गॅलरीत उभं राहून हात लावणारा पोरगा बाँडिंग केलेल्या भागाच्या बाहेर असेल. बाँडिंग एका खोलीपुरता फरक मिटवतं, त्या खोलीच्या कडेला तो फरक शिल्लकच असतो. म्हणून ते नेहमी ईएलसीबीच्या जोडीने करायचं, त्याच्या ऐवजी नाही. आणि दिसेल त्या धातूला वायर बांधत सुटायचं नाही. प्लास्टिकच्या पाइपावर बसवलेला पितळी नळ जमिनीशी कुठेच जोडलेला नसतो, त्याला बाँडिंगची गरज नाही. शंका असेल तर मेगर (मोठा रोध मोजणारं यंत्र) लावावा: ती वस्तू आणि अर्थ यांच्यामध्ये २२ हजार ओहमहून जास्त रोध असेल, तर तिच्यातून बाहेरची वीज शरीरात धोक्याइतकी वाहणार नाही. ब्रिटनमध्ये २००८ च्या वायरिंग नियमांनी, सगळी सर्किटं ३० मिलिअँपिअरच्या उपकरणावर असतील आणि घराचं मुख्य बाँडिंग नीट असेल, तर बाथरूममधलं पूरक (त्या खोलीपुरतं) बाँडिंग वगळण्याची मुभा दिली. काही जण हा दाखला मला देतात. पण त्या मुभेतला ‘मुख्य बाँडिंग नीट असेल तर’ हा भाग ते वाचतच नाहीत. आपल्याकडे पाण्याचा पाइप, इमारतीची सळई आणि अर्थ बार एकत्र जोडलेली किती घरं आहेत?

कारखान्यांची गोष्ट वेगळी असते, असं पुष्कळांना वाटतं. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडलेला, म्हणजे फॉल्टचा करंट जमिनीत न शिरता तांब्यातूनच परततो. खडकाचा प्रश्न मिटला. पण मग लांबीचा प्रश्न सुरू होतो. वाळूजच्या एका कारखान्यात पंपघर कंपाउंडच्या पार टोकाला होतं, पॅनेलपासून दीडशे मीटरवर, आणि तिथपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची केबल ओढलेली. भारासाठी ती पुरत होती, मोटार छोटीच होती. पण फेजचे दीडशे आणि अर्थचे दीडशे, असे तीनशे मीटर तांबं धरलं की २.२ ओहम होतात. फॉल्टला जेमतेम शंभर अँपिअर. सी १६ चा एमसीबी इतक्या करंटला लगेच पडेल याची हमी नाही, त्याला काही सेकंद लागू शकतात, आणि नियम ०.४ सेकंद मागतो. त्या काही सेकंदांत मोटारीच्या अंगावर निम्मा दाब, ११५ व्होल्ट. पंपघर म्हणजे पाणी साचलेली फरशी, चारी बाजूंना पाइप आणि रेलिंग.

केबल बदलायचा खर्च व्यवस्थापनाला लगेच झेपणारा नव्हता. आम्ही तिथल्या स्टार्टरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचं संरक्षण बसवलं आणि मोटार, पंप, सक्शन-डिलिव्हरीचे पाइप, रेलिंग व शटर तांब्याने एकमेकांना जोडलं. मग मुद्दाम मोजून बघितलं. लूप टेस्टरवर आकडा जवळपास तोच आला, तसा तो येणारच होता. पण मोटार आणि पाइप यांच्यामधला रोध काही मिलिओहमवर उतरला होता. शंभर अँपिअरच्या फॉल्टला तिथे हात ठेवणाऱ्याला आता ११५ व्होल्टऐवजी एक-दीड व्होल्ट मिळाले असते. पूरक बाँडिंगच्या रोधाला मर्यादा आहे: ५० व्होल्टला एमसीबी पाडणाऱ्या करंटने भागायचं. सी १६ साठी तत्काळ पडण्याचे १६० अँपिअर धरले तर ०.३ ओहम. आमचं काम त्याच्या कितीतरी आत होतं. केबल पुढे बदलली गेली, आणि ती बदलली जावी यासाठी तो लूपचा आकडाच कामी आला. मोजलेल्या आकड्याशी वाद घालता येत नाही.

गंगापूर तालुक्यातल्या एका गोठ्यातही प्रश्न दाबातल्या फरकाचाच निघाला. म्हशी हौदाला तोंड लावत नव्हत्या. हौद लोखंडी, त्याला पाणी भरायची मोटार लागून. मालकाने पाणी बदललं, हौद घासला, डॉक्टरलाही बोलावून झालं. हौद आणि जमीन यांच्यामध्ये मोजून थोडेच व्होल्ट होते, आपल्याला बोटाला कळलेही नसते. पण जनावराचं अंग विजेला फार कमी रोध देतं, त्याचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि नाक ओलं असतं. म्हणूनच मानकं गोठ्यासाठी जास्त कडक नियम सांगतात. हौद, गव्हाणीच्या नळ्या आणि खांब जोडले, मोटारीची गळती काढली. म्हशी पाणी प्यायल्या. नवा गोठा बांधताना कोब्याखाली जाळी टाकून तीही जोडायची, एवढं मालकाने स्वतःहून लिहून घेतलं.

या सगळ्या कामांत सर्वांत जास्त वेळ सांध्यांना लागतो. क्लँपखालचा रंग पूर्ण खरवडून चकचकीत धातू लागला पाहिजे. जीआय पाइपावर उघडं तांबं ओल्यात बसवलं की सांधा काही पावसाळ्यांत खाऊन जातो, म्हणून कलई केलेला लग आणि पितळी क्लँप वापरायचा. लग दाबायचा तो क्रिंपिंगच्या अवजाराने, पकडीने नाही. दिसायला सगळे सांधे सारखेच दिसतात, फरक कळतो तो कमी रोध मोजणाऱ्या मीटरवर. टाइल लागल्यावर हे काम कुणालाच दिसत नाही. घरमालक शॉवरची, आरशाची किंमत आनंदाने देतो आणि या पाच-सहा मीटर वायरीपाशी थबकतो. मी त्यांना दोष देत नाही, पण सोडतही नाही. देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने जातात. त्यांतली बरीचशी घरात, शेतात, ओळखीच्या वस्तूला हात लावून जातात.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते बटण फक्त आतलं यंत्र तपासतं, घरातलं अर्थिंग नाही. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा आणि त्याची तिसरी पिन कुणाला कापू देऊ नका. बाथरूमचं काम निघालं असेल तर टाइल लागण्याआधी बाँडिंगची वायर डोळ्यांनी बघा. आणि पुढच्या मेमध्ये, खड्ड्यात पाणी न ओतता, वायरमनकडून अर्थिंगचा आणि लूपचा आकडा मोजून घ्या. तो तारखेसह कागदावर लिहून मागा आणि मीटरच्या बोर्डाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.